भाऊ कळंबा जेलमध्ये आहे आणि वकिलाला पैसे नाहीत, तर काय करायचं?

प्रश्न आलाय करवीर तालुक्यातल्या एका ताईंकडून. बांधावरून भावकीत मारामारी झाली. समोरच्याच्या हातावर कोयत्याचा वार बसला, डोक्यात काठी लागली. ताईंचा धाकटा भाऊ आणि चुलते असे दोघे आरोपी आहेत. भारतीय न्याय संहितेचं कलम १०९ लावलंय, म्हणजे जुनं ३०७, खुनाचा प्रयत्न. २ जूनला संध्याकाळी अटक झाली, ३ जूनला कोर्टात हजर केलं आणि आता दोघंही कळंबा जेलमध्ये आहेत. चुलत्यांनी खासगी वकील दिलाय. तेच वकील भावाचंही काम बघायला तयार आहेत, पण फी झेपणारी नाही, म्हणून घरात म्हैस विकायची आणि आईचे दागिने गहाण टाकायची बोलणी सुरू आहेत. कुणी सांगतं कोर्टात वकील फुकट मिळतो, कुणी सांगतं तो सरकारचाच माणूस असतो, गुन्हा कबूल करायला लावतो. खरं काय?

ताई, म्हैस आत्ता विकू नका. आधी हे नीट वाचा.

मी कोल्हापुरात फौजदारी वकिली करतो. मध्ये काही वर्षं विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या संस्थेच्या, पॅनेलवर होतो, आता नाही. तुम्ही मोफत वकील घेतलात तर त्यात माझा फायदा काहीच नाही, झालंच तर धंद्याचं नुकसान.

तुमचा भाऊ कोठडीत आहे, एवढ्या एका कारणावर त्याला मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अमलात आला १९९५ मध्ये. त्याच्या कलम १२ मध्ये कुणाकुणाला ही सेवा मिळते ते दिलंय: अनुसूचित जाती-जमातीचे लोक, स्त्रिया, मुलं, अपंग, औद्योगिक कामगार, आपत्तीत सापडलेले, आणि ज्यांचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत आहे ते. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे. लोक या आकड्यापाशी अडकतात. 'आमचं रान आहे, दूध घालतो, मग आम्हाला कुठलं मिळतंय' म्हणून घरीच बसतात. पण कोठडीत असलेली व्यक्ती हा त्या यादीतला वेगळा वर्ग आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तेव्हा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठी आणि तहसील अशा चकरा मारत बसू नका. उद्या जामिनावर सुटल्यावर उत्पन्नाचा प्रश्न निघालाच, तर साधारणपणे प्रतिज्ञापत्रावर भागतं. कलम १३ मध्येच तशी सोय आहे.

हा वकील म्हणजे सरकारी वकील नव्हे. सरकारी वकील तुमच्या भावाविरुद्ध खटला चालवणार, पोलिसांचे कागद घेऊन. भावाच्या बाजूने उभा राहतो तो लोकअभिरक्षक, म्हणजे प्राधिकरणानं नेमलेला बचावाचा वकील. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे चौकशी केली की लोकअभिरक्षक कार्यालय दाखवतात. प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. पोलीस खात्याचा किंवा कलेक्टर कचेरीचा या वकिलांवर हुकूम चालत नाही. पैसा शेवटी सरकारी तिजोरीतला, हे खरं. पण मानधन मिळतं ते बचाव करण्याचं, आणि तुमचा भाऊ त्याला जे सांगेल ते बाहेर फोडायची त्याला कायद्याने बंदी आहे, जशी मला आहे.

आता त्यांच्या दर्जाबद्दल. पूर्वी मोफत वकिलाचं नाव खराब होतं आणि ते उगाच नव्हतं. पॅनेलवरच्या वकिलाला एका केसमागे थोडकी फी, तीही केस संपल्यावर बिल टाकून, बिल पास होईल तेव्हा. त्याची स्वतःची खासगी कामं असायचीच. एकाच दिवशी पैसे देणारा पक्षकार आणि फुकटातला पक्षकार दोन वेगवेगळ्या कोर्टांत पुकारले गेले, तर वकील कुठे पळणार हे सांगायला नको. काही पॅनेल वकील जीव तोडून काम करायचे, आजही करतात. पण पद्धतच अशी होती की चांगलं काम करणाऱ्याच्या पदरात काही पडायचं नाही. २०२२ च्या लोकअभिरक्षक योजनेनं हे बदललं. लोकअभिरक्षक पूर्णवेळ असतात, त्यांना खासगी केसेस घेता येत नाहीत. मुख्य लोकअभिरक्षकाला किमान १० वर्षांची फौजदारी वकिली आणि सेशन कोर्टात ३० खटले चालवल्याचा अनुभव लागतो. उपमुख्यांसाठी ही अट ७ वर्षं आणि २० खटले अशी आहे. सहाय्यक मात्र नवे असतात, एक ते तीन वर्षं झालेले. रिमांडला, म्हणजे कोठडीसाठी कोर्टात हजर करतात तेव्हा, किंवा जेल भेटीला तुम्हाला एखादा कोवळा पोरगा किंवा पोरगी दिसेल. लगेच घाबरू नका. रिमांडचं काम तेवढंच असतं आणि ही पोरं बरेचदा आमच्यापेक्षा वेळेवर हजर असतात. तुमची केस सेशनची आहे. जखम झालेली असेल तर १०९ ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. जिथे जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते तिथे विधी सेवेमार्फत किमान १० वर्षं अनुभवाचाच वकील द्यावा आणि त्याला तयारीला साधारण सात दिवस तरी द्यावेत, असं सुप्रीम कोर्टानं २०१९ च्या अनोखीलाल प्रकरणात सांगितलंय. त्यामुळे खटला उभा राहील तेव्हा 'केस कोण चालवणार?' हे स्पष्ट विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

'गुन्हा कबूल करायला लावतात' हे कुठून आलं, ते सांगतो. किरकोळ चोरी, दारूबंदीच्या केसेस, अशा गुन्ह्यांत माणूस चार-सहा महिने आत असतो. होणारी शिक्षाही तेवढीच. जामीनदार नाही, खटला पुढे सरकत नाही. मग तो स्वतःच म्हणतो, साहेब, कबूल करतो, भोगली तेवढी शिक्षा द्या आणि सोडा. वकील फुकटचा असो की विकतचा, हे होतं. यात वकिलापेक्षा व्यवस्थेचा दोष मोठा आहे. तुमच्या केसला हे लागूच पडत नाही. शिक्षेच्या सौद्याची जी तरतूद कायद्यात आहे ती सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांसाठी, १०९ तिच्यात बसत नाही. दोषारोप ठेवताना कोर्ट थेट तुमच्या भावाला विचारतं, गुन्हा कबूल आहे का. त्यानं 'नाही' म्हटलं की विषय संपला. त्याच्या वतीनं कुणीही कबूल करू शकत नाही.

आणखी एक ऐकायला मिळतं. 'कसाबला वकील दिला, मग आमच्या पोराला का नाही?' रागानं म्हणतात, पण कसाबच्याच २०१२ च्या निकालात तुमच्या उपयोगाची गोष्ट आहे. आरोपीला पहिल्यांदा हजर केल्यावर, तुला वकील ठेवायचा हक्क आहे आणि ऐपत नसेल तर तो मोफत मिळेल, हे सांगणं मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे, असं तिथे ठणकावून सांगितलंय. बिहारमधल्या भागलपूरला पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडले होते, त्या प्रकरणातही सुप्रीम कोर्ट हेच बोललं होतं. १९८६ च्या सुक दास निकालात तर, आरोपीनं मागितला नाही म्हणून वकील दिला नाही ही सबब चालणार नाही असं म्हणून शिक्षाच रद्द केली. पूर्वी सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम ३०४ मध्ये सरकारी खर्चानं वकील देणं सेशन कोर्टापुरतं बंधनकारक होतं. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४१ मध्ये सेशनचा उल्लेख गेला, म्हणजे आता ते सेशनपुरतं राहिलं नाही, आणि अपीलही त्यात आलं. एवढं सगळं असून प्रत्यक्षात काय होतं? रिमांडला पोरगा भेदरलेला, साहेब विचारतात 'वकील आहे का?', तो म्हणतो 'घरचे देणार हायत', आणि पान उलटतं. तुमच्या भावाचंही असंच झालं असणार असा माझा अंदाज आहे.

चुलत्यांच्या वकिलांबद्दल तुम्ही एका वाक्यात लिहिलंय, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. फी किती हा पुढचा प्रश्न. कोयता कुणाच्या हातात होता, हा पहिला. फिर्यादीत दोघांची नावं असतील, एकाच्या हातात कोयता आणि दुसऱ्याच्या हातात काठी दाखवली असेल. समजा काठी तुमच्या भावाच्या हातात होती. मग त्याचा सगळा बचाव यावर उभा राहणार की वार त्यानं केला नाही, कोयता आणलाय हे त्याला माहीत नव्हतं, ठार मारायचा त्याचा इरादा नव्हता. हे जोरात मांडलं की बोट आपोआप चुलत्यांकडे जातं. चुलत्यांकडून फी घेतलेला वकील हे कोर्टात किती जोरात बोलेल? तो वाईट माणूस असेल असं नाही. दोघांचा मिळून बचाव करता येईल असं त्याला प्रामाणिकपणे वाटतही असेल. पण उलटतपासात फिर्यादीला 'काठी मारणारा लांब उभा होता ना?' हा प्रश्न विचारायची वेळ आली, की अशा वकिलाची जीभ अडखळते. मी हे कोर्टात बसून बघितलंय. पोलिसांनी सामायिक इरादा लावला असेल, म्हणजे जुनं ३४, आताचं ३(५), तर ज्याच्या हातात काठी त्यालाही वाराची शिक्षा होऊ शकते. म्हणून वेगळा वकील तुम्हाला फुकट मिळतोय ही केवळ पैशाची सोय समजू नका. उद्या कोयता भावाच्याच हातात होता असं कागदावर असेल, तरी वेगळा वकील हवाच, तेव्हा चुलत्यांचे वकील बोट इकडे करतील. घरात वाद होतील, 'भाऊबंद असून वेगळा वकील कशाला' म्हणतील. वकील वेगळा म्हणजे भांडण नव्हे, एवढं सांगून गप्प बसा. चुलत्यांनाही पुढे मोफत वकीलच हवा झाला, तर दोघांना एकाच लोकअभिरक्षकाकडे न ठेवता एकाला पॅनेलवरचा वकील द्या, असा अर्ज करा.

भावानं चुलत्यांच्या वकिलांच्या वकीलपत्रावर सही केलीय का, ते आधी विचारा. केली असेल तर त्यांची 'ना हरकत' घ्या. बहुतेक वकील देतात. नाही दिली तरी भावाला वकील बदलायचा हक्क आहे, फक्त कोर्टाला तसा अर्ज द्यावा लागतो.

अर्ज कसा करायचा? तीन वाटा आहेत, तिन्ही चालतात. भाऊ जेलमध्येच सांगू शकतो. जेलमध्ये विधी साहाय्य केंद्र असतं, तिथे विधी स्वयंसेवक आणि वकील येतात. अर्ज आणि वकीलपत्र तिथे भरून जेल अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यानं कोर्टात येतं. किंवा पुढच्या रिमांडच्या तारखेला त्यानं साहेबांना तोंडी सांगायचं, 'मला वकील नाही, सरकारी खर्चानं द्या.' हल्ली बरेचदा व्हिडिओवर हजर करतात आणि पलीकडून आवाज नीट येत नाही, त्यामुळे मी या वाटेवर एकट्यावर विसंबत नाही. तिसरी वाट म्हणजे तुम्ही स्वतः बावड्याला जाऊन प्राधिकरणात अर्ज द्यायचा. ही करा. कळंबा शहराच्या एका टोकाला, बावडा दुसऱ्या टोकाला, एका दिवसात दोन्ही होतं. १५१०० हा हेल्पलाइनचा नंबर आहे, पण समोर जाऊन बसल्याशिवाय आपल्याकडे फाईल हलत नाही असा माझा अनुभव. जाताना फिर्यादीची प्रत न्या. ती नसेल तर पोलीस ठाणं, गुन्हा नंबर आणि कलमं कागदावर लिहून न्या. पहिल्या रिमांडची तारीख त्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

तारखेचा आग्रह का, ते सांगतो. तुमच्या भावासाठी पुढच्या दोन महिन्यांत दुसरं कुठलंही काम एवढं महत्त्वाचं नाही.

पोलिसांना तपास संपवून दोषारोपपत्र द्यायला मुदत असते. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्यापुढच्या शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकीच्यांत ६०. तुमच्या केसला जखमेमुळे ९० धरा. या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. गुन्हा किती गंभीर, पुरावा किती भक्कम, हे मग कोर्ट बघत नाही. आम्ही त्याला डिफॉल्ट बेल म्हणतो. दिवस मोजायचे ते अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, आणि तो दिवस धरून. सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये हे पक्कं केलं. तुमच्या भावाची पहिली रिमांड ३ जूनची. जूनचे २८ दिवस, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१, झाले ९०. म्हणजे ३१ ऑगस्ट संपेपर्यंत दोषारोपपत्र आलं नाही, तर १ सप्टेंबरला सकाळी कोर्ट उघडायच्या वेळी अर्ज तयार पाहिजे. तयार म्हणजे टाईप केलेला, सही झालेला, दारात उभा.

कारण हा जामीन आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. १ तारखेला तुमचा अर्ज साडेअकराला पडला आणि पोलिसांनी अकराला दोषारोपपत्र आणून टेकवलं, तर हक्क गेला. आधी अर्ज पडला आणि मग दोषारोपपत्र आलं, तर हक्क राहिला. पोलिसांनाही हे ठाऊक असतं. शेवटच्या आठवड्यात तपासी अंमलदार दिवस-रात्र कागद जुळवत असतो ते उगाच नाही. ज्याला वकीलच नाही किंवा ज्याचा वकील दिवस मोजत नाही, त्याच्या हातून ही संधी जाते आणि त्याला कळतही नाही. २०१७ च्या राकेशकुमार पॉल निकालात तर सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की तोंडी मागितलं तरी चालतं. पण तोंडावर राहू नका. कॅलेंडरवर ३१ ऑगस्टला खूण करा आणि त्याच्या आदल्या आठवड्यात लोकअभिरक्षकांना भेटून 'अर्ज तयार आहे का?' विचारा. बऱ्याच केसेस असतात त्यांच्याकडे, आठवण केलेली कुणाला वाईट वाटत नाही.

पोलिसांनी मुदतीत दोषारोपपत्र दिलं, आणि खुनाच्या प्रयत्नात बहुतेकदा ते देतातच, तर नेहमीचा जामीन अर्ज सेशन कोर्टात करायचा. इथे वकिलाला तुमच्याकडून काय लागेल ते बघा.

दोषारोपपत्राचा गठ्ठा आला की मी फिर्याद बाजूला ठेवतो आणि आधी जखमेचं प्रमाणपत्र काढतो. सीपीआरचं, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याचं असेल तर त्यावर तपासणीची वेळ असते, जखमी कुणी आणला ते असतं, आणि जखम कशानं झाली म्हणून सांगितलं तेही डॉक्टर लिहितात. घटनेनंतर तासाभरात जखमी माणूस डॉक्टरला काय बोलला आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यात फिर्यादीत काय लिहिलं गेलं, यात फरक निघतो. डॉक्टरला 'भांडणात मारलं' एवढंच सांगितलेलं असतं, फिर्यादीत चार नावं आणि प्रत्येकाच्या हातात हत्यार. मग जखमेची लांबी, खोली, जागा. हाड मोडलंय का? एक्स-रे आहे का, की नुसतंच 'गंभीर' लिहिलंय? हाड मोडलं तर दुखापत गंभीर ठरते. पंधरा दिवस तीव्र वेदना किंवा रोजचं काम बंद हेही गंभीर, पूर्वी हे वीस दिवस होते. हे पटलं नाही तर कलम उतरतं: साधी दुखापत धारदार हत्यारानं केली तर ११८(१), शिक्षा तीन वर्षांपर्यंत, गंभीर असेल तर ११८(२). नुसती जखम साधी म्हणून १०९ पडतं असं समजू नका, त्यात इरादा बघतात. पण इरादा तरी कोर्ट कशावरून ठरवणार? हत्यार कोणतं, वार कुठे, किती, थांबले की कुणी थांबवलं. मानेवर एक आणि हातावर एक यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता तुमचं काम. भावकीच्या मारामारीत दोन्हीकडच्यांना लागलेलं असतं. तुमच्या भावालाही लागलं होतं का? त्यानं त्या दिवशी कुठे औषधोपचार घेतले का? अटकेनंतर त्याची वैद्यकीय तपासणी झालीय, त्या कागदावर काही खरचटल्याची नोंद आहे का? उलट फिर्याद कुणी दिलीय का? बांधाचा दावा दिवाणी कोर्टात चालू आहे का, मोजणी झालीय का? हे वकिलाला जेलमध्ये बसलेल्या भावाकडून अर्धवटच कळतं. खासगी वकिलाकडे पक्षकाराचे घरचे संध्याकाळी ऑफिसात जाऊन बसतात, चहा होतो, सगळी हकीकत निघते. मोफत वकिलाकडे घरचे जातच नाहीत, फुकटचं आहे म्हणून दबून राहतात. मग तो कोऱ्या कागदावर युक्तिवाद करतो आणि तुम्ही म्हणता वकील चांगला नव्हता. तारखेला जा, ऑफिसात जा, कागद द्या. कागद देताना मूळ प्रत घरी ठेवा, झेरॉक्स द्या.

साक्षीदारांकडे मात्र जाऊ नका. 'जरा सांभाळून बोला' एवढं जरी कुणी फिर्यादीच्या घरच्यांना बोललं, तर जामिनाला तोच विरोध होतो.

जामीन मंजूर झाला की निम्मी लढाई राहते. कळंब्यात जामीन मंजूर होऊनही आत असलेली माणसं भेटतात. का? जामीनदार नाही. ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं, २५ हजाराचा किंवा ५० हजाराचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. गावाकडच्या माणसाला हे तसं जड नाही. एखादा पाहुणा सातबारा आणि आठ-अ चे उतारे, आधार कार्ड, रेशनकार्ड, फोटो घेऊन उभा राहतो. शहरात घर असेल तर घरफाळ्याची पावती. कुठे ऐपतीचा दाखला मागतात, तो तहसीलमधून काढायला वेळ लागतो. म्हणून तुमच्या जामीनदाराला आत्ताच तयार ठेवा, ऑर्डरची वाट बघू नका. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढलेला असेल तर आधी वकिलाला दाखवा. आणि ज्याच्या नावावर जमीन त्यानं स्वतः यायचं, त्याच्या पोरानं नव्हे.

खरी गोची परप्रांतीयांची होते. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर, शिरोलीच्या फाउंड्रीत बिहार-ओडिशाची पोरं आहेत. त्यांच्यासाठी इथला जामीनदार कोण होणार? मालक तर पोलीस आले त्याच दिवशी ओळख विसरतो. सुप्रीम कोर्टानं ३१ जानेवारी २०२३ ला या सगळ्याबद्दल सूचना दिल्यात. जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकानं प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिन्याभरात जामीन भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करायचं बघू शकतं. आणि जामीनदार स्थानिकच पाहिजे ही अट अडथळा ठरते, ती घालू नये, असंही त्यात म्हटलंय. केंद्राची गरीब कैद्यांना मदत करायची योजनाही २०२३ पासून आहे, त्यात ठरावीक मर्यादेपर्यंत जामिनाची रक्कम सरकार भरू शकतं. जिल्ह्याची समिती ते ठरवते, आणि अमली पदार्थांसारख्या काही कायद्यांतल्या आरोपींना ती लागू नाही. हे सगळं मागावं लागतं, आणि मागण्याचं काम लोकअभिरक्षकाचं. लोकअभिरक्षक कार्यालयाचा खरा कस इथे लागतो असं मी मानतो. गाजलेल्या खटल्यातल्या युक्तिवादापेक्षा वीस हजाराचा जामीन पाच हजारावर आणून एखाद्या मागवाल्या पोराला घरी पाठवणं हे काम मोठं आहे, आणि पेपरात ते कधी छापून येत नाही.

कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीनदार पुरवतो म्हणणारे भेटतील. त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. खोट्या कागदावर जामीन दिला की भावावर नवा गुन्हा आणि आधीचा जामीन रद्द.

पैशावरून आणखी एक. मोफत वकिलानं तुमच्याकडे काहीही मागायचं नाही, 'टायपिंगचे', 'झेरॉक्सचे', 'साहेबांचे' म्हणूनसुद्धा नाही. नकला, कोर्ट फी हा खर्चही प्राधिकरणाचा आहे. कुणी मागितलेच तर तोंडी भांडू नका, सचिवांना लेखी द्या, तारीख आणि रक्कम लिहून. वकील तारखेला येतच नसेल, उलटतपास न घेताच साक्षीदार सोडत असेल, तरी तेच करा. सचिव वकील बदलून देऊ शकतात. मात्र 'आमचा जामीन नामंजूर झाला' हे वकील बदलायचं कारण होत नाही. नामंजूर झालेले जामीन आमच्याही फायलीत भरपूर आहेत.

खासगी वकील घ्यावाच का? कर्ज न काढता झेपत असेल आणि त्या वकिलावर विश्वास असेल तर घ्या, जरूर घ्या. पण म्हैस विकून जामिनापुरता वकील करायचा आणि खटला उभा राहिला की पैसे संपले म्हणून मोफत वकिलाकडे यायचं, हे करू नका. तोपर्यंत जामीन अर्जात काहीबाही लिहून गेलेलं असतं, मग नव्या वकिलाला त्या शब्दांचं ओझं घेऊन उलटतपास करावा लागतो. जो वकील कराल तो शेवटपर्यंत परवडणारा करा.

शिक्षा झालीच तर निकालाची प्रत भावाला लगेच आणि मोफत मिळते, आणि हायकोर्टात अपिलाची मुदत ६० दिवस आहे. अपिलालाही मोफत वकील मिळतो. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय, सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत, सहा जिल्ह्यांसाठी. सेशन कोर्टानं जामीन नाकारला तर हायकोर्टाचा अर्जही आता तिथेच होईल. तो करायला उगाच महिने लावू नका.

फोनमध्ये ई-कोर्ट्सचं अ‍ॅप घ्या. दोषारोपपत्र दाखल होऊन केसला नंबर पडला की सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो. तो टाकला की पुढची तारीख, कोणत्या कोर्टात, मागच्या तारखेला काय झालं, सगळं दिसतं. त्याआधीच्या रिमांडच्या तारखा मात्र जेलमधून किंवा लोकअभिरक्षक कार्यालयातूनच कळतील, तेव्हा परवा बावड्याला जाल तेव्हा पुढची रिमांड कधी आहे तेवढं विचारूनच या.